क्यूआर कोड फोटोवरून वाचताय? साईटला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात आता चहाच्या टपरीपासून नवी पेठेतल्या कापड दुकानापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चिकटवलेलाय, त्यामुळे समोरचा कोड स्कॅन करायला कुणालाच शिकवावं लागत नाही. घोळ होतो तो कोड फोटोत शिरला की. बिलाच्या पीडीएफमधला, ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आलेला, नाहीतर स्क्रीनशॉटमधला. मग लोक कुठल्यातरी वेबसाईटवर तो फोटो अपलोड करतात, 'कोड सापडला नाही' असं येतं आणि लगेच मला फोन, "काय बे, ही साईट बेकारच आहे की, दुसरी सांग." दुसरी सांगितली की तिथंही तेच. साईट बदलून उपयोग नाही, फोटो बदला, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता एकदाच लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी लिंक पाठवतो.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो, आणि मार्चएंडची गोष्ट

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या एकांचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांच्याकडं सुताची जी बिलं येतात त्यातली बरीचशी ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेली बिलं), म्हणजे वर कोपऱ्यात तो गिचमिड क्यूआर असतोच. (ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्या बहुतेकांना व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक झालंय.) मार्चएंडला अकाउंटंटचा भाचा आला होता, नुकताच कोडिंग शिकलेला. मामा, तुम्ही काय हातानं टाइप करत बसता, मी स्क्रिप्ट लिहितो, फोटो टाकला की बिल नंबर, तारीख, रक्कम सगळं एक्सेलमध्ये. कल्पना चुकीची नव्हती बरं का. त्या कोडमध्ये विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम, मुख्य मालाचा एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा) आणि आयआरएन (पोर्टलवर बिलाला मिळणारा नोंदणी नंबर) एवढं खरंच असतं.

पण फोटो कुठून आणले, तर गोडाऊनच्या माणसानं ट्यूबलाइटखाली मोबाईलवर अख्ख्या बिलाचा फोटो काढला, तो व्हॉट्सॲपवर टाकला, मामांनी पुढं भाच्याला फॉरवर्ड केला. आता हिशेब बघा. सगळ्यात छोटा क्यूआर २१ बाय २१ चौकटींचा असतो, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ चा. ई-इन्व्हॉइसमध्ये डिजिटल सही पण भरलेली असल्यानं कोड दाट होतो, धरा ११७ चौकटी एका बाजूला. कागदावर तो छापलाय इंचभर. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, समजा ए-फोर कागदाची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली, तर इंचाला १३७ च्या आसपास पिक्सेल उरले. म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला एक पिक्सेल आणि वर थोडी चिल्लर! त्यात जेपेगनं, म्हणजे फोटो दाबून छोटा करणाऱ्या फाइल प्रकारानं, कडा खाल्ल्या. कुठला डिकोडर, म्हणजे कोड वाचणारा प्रोग्रॅम, वाचणार हे? मी एका चौकटीला कमीत कमी ४ पिक्सेल धरतो, त्याखाली फोटो असला की प्रयत्नच करत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अहो पण क्यूआर ३० टक्के खराब झाला तरी चालतो ना?" चालतो, पण ते सगळ्यात वरच्या पातळीला. चार पातळ्या आहेत, ७, १५, २५ आणि ३० टक्के, आणि कोड बनवणाऱ्यानं कुठली निवडली ते तुमच्या हातात नाही. शिवाय ती सोय डाग, ओरखडे, फाटलेला कोपरा यासाठी आहे. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या टीमनं हा कोड काढला तो गाड्यांच्या पार्टसाठी, कारखान्यात तेल-ग्रीस लागणारच हे धरून. बिलावर शेंगा चटणीचं तेल सांडलं तर कोड बिनधास्त वाचला जाईल. पण फोटो धूसर असला की १०० टक्के चौकटी धूसर होतात, तिथं दुरुस्ती कशावरून करणार?

आणि कृपा करून तो फोटो एडिटरमध्ये मोठा करू नका. फाटकी चादर ताणली म्हणून भोक बुजत नाही.

माझी सवय सांगतो. पाठवणाऱ्याला सांगायचं की फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग व्हॉट्सॲप त्याला हात लावत नाही. पीडीएफ असेल तर फोटो काढायचाच नाही, पीडीएफ स्क्रीनवर मोठी करून फक्त कोडचा स्क्रीनशॉट घ्यायचा. कागदच असेल तर मोबाईल जवळ नेऊन नुसत्या कोडचा फोटो, नाहीतर स्कॅनर ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). लोक फाइल छोटी व्हावी म्हणून १०० डीपीआयला स्कॅन करतात आणि वर मलाच विचारतात का वाचत नाही म्हणून.

२०० आलं म्हणजे झालं नाही

भाच्याची गोष्ट अजून संपलेली नाही. त्याची स्क्रिप्ट प्रत्येक फोटो कोड वाचणाऱ्या एका ऑनलाइन सेवेच्या सर्व्हरला पाठवायची. आधी तर तो सर्व्हर म्हणतच होता की फाइल मिळालीच नाही. बघतो तर पठ्ठ्यानं कंटेंट-टाइपचा हेडर, म्हणजे काय प्रकारचा मजकूर पाठवतोय ते सांगणारी ओळ, हातानं लिहिलेला. फॉर्म-डेटा, म्हणजे फाइल जोडलेला फॉर्म, पाठवताना तो हेडर आपण लिहायचाच नसतो, कारण त्यात बाऊंड्री नावाचा एक तुकडा लागतो आणि तो ब्राउझर किंवा लायब्ररी स्वतः घालते. ती एक ओळ उडवली आणि फाइल जायला लागली. अर्धा दिवस त्याच्यावर गेला होता, कारण दुसऱ्या कुणाचातरी कोड चिकटवला होता आणि वाचला नव्हता. सूचनांचं पान दोन मिनिटांचं असतं हो, पण नवीन पोरांना ते वाचायचं म्हणजे अपमान वाटतो.

मग सगळ्या बिलांना सर्व्हरकडून २०० हा 'ठीक आहे' सांगणारा आकडा यायला लागला, स्क्रिप्टनं एक्सेलमध्ये सगळीकडं 'झालं' लिहिलं, मामा खूश, पोराचं कौतुक. चार दिवसांनी सीएच्या ऑफिसातून फोन आला की आयआरएनचा कॉलम बहुतेक रिकामाच आहे. २०० चा अर्थ एवढाच की तुमची विनंती पोचली आणि उत्तर आलं. त्या उत्तरात काय लिहिलंय ते वाचायला नको का? बऱ्याच सेवा कोड नाही वाचता आला तरी २०० च देतात आणि आतल्या जेसनमध्ये (उत्तराचा मजकूर ज्या साच्यात येतो तो) डेटाच्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', ठेवतात, शेजारी एररचा मजकूर असतो. तो मजकूर अगदी सरळ सांगत होता की कोड सापडला नाही. यानं तो बघितलाच नव्हता. मी तर जिथं नल येतं ती फाइल वेगळ्या फोल्डरला टाकतो आणि हातानं बघतो, त्याला शॉर्टकट नाही.

जी थोडी बिलं वाचली गेली त्यातून 'ईवायजे' अशा अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक इंग्रजी अक्षरांची माळ आली, ती बघून मामा घाबरले, व्हायरस आहे का म्हणून. व्हायरस नाही, तो डिजिटल सही केलेला टोकन, म्हणजे मजकुराची गुंडाळी, असतो. टिंबांनी तोडलेले तीन तुकडे, मधला तुकडा बेस-६४ (मजकूर साध्या अक्षरांत मांडायची पद्धत) मधून उलगडला की बिलाची माहिती दिसते. आणि दिसली म्हणजे खरी झाली असंही नाही, तसा मजकूर कुणीही बनवू शकतो, सही तपासावी लागते. त्यासाठी जीएसटीचं स्वतःचं पडताळणीचं ॲप आहे, तेच वापरा.

कडेची पांढरी पट्टी कापणारे

सुबक दिसावं म्हणून कोड अगदी काळ्या कडेला टेकवून क्रॉप करतात. चारी बाजूंनी चार चौकटींइतकी मोकळी जागा सोडायची असते, नियमच आहे तो. डिकोडर आधी कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन शोधतो, आणि कडेला लगेच रंगीत डिझाइन लागलं की त्याचा गोंधळ होतो. कापलाच असेल तर साध्या पेंटमध्ये उघडून चारी बाजूंनी पांढरं वाढवा, बऱ्याचदा तेवढ्यानंच वाचतो.

बारीकसारीक

पारदर्शक बॅकग्राउंडचा पीएनजी टाकू नका, काही सर्व्हर पारदर्शक जागेला काळं समजतात, मग काळ्यावर काळं. पांढरा कागद मागे लावून जेपेग करा.

काळ्यावर पांढरा कोड असेल तर आधी रंग उलटे करा.

आयफोनचा एचईआयसी फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

फाइलची मर्यादा बघा. क्यूआरसर्व्हर या कोड वाचणाऱ्या साईटची फुकट सेवा १ एमबीच्या वर घेत नाही आणि आजकालचा मोबाईल एका फोटोला ४-५ एमबी करतो. अशा वेळी अख्खा फोटो बारीक करण्यापेक्षा कोडपुरता कापा.

फोटो आडवा-उलटा आहे म्हणून फिरवत बसू नका, क्यूआरला त्यानं काही फरक पडत नाही.

लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलनं फोटो काढणारे लोक... स्क्रीनशॉटचं बटण आहे रे त्याच लॅपटॉपला.

फाइलऐवजी लिंक देणार असाल तर ती थेट चित्राची लागते. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक दिली की सर्व्हरला वेबपेज मिळतं, चित्र नाही.

मराठी मजकूर वाचल्यावर 'à¤' असली चिन्हं दिसली तर कोड बरोबर वाचलाय, फक्त यूटीएफ-८ ऐवजी दुसऱ्याच एन्कोडिंगनं उलगडलाय. कोड परत बनवायची घाई करू नका.

वाचला, पण काय वाचलं ते बघितलं का?

पैशांचा कोड वाचला की 'यूपीआय' नं सुरू होणारी ओळ येते. त्यात 'पीए' पुढं पैसे कुणाच्या आयडीला जाणार ते असतं, 'पीएन' पुढं नाव, 'एएम' पुढं रक्कम. नाव काहीही लिहिता येतं, म्हणून मी नाव बघतच नाही, आयडी बघतो. कुणी म्हणालं की पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा, तर त्याच्या ओळीत 'पे' आणि रक्कम आधीच भरलेली दिसेल, म्हणजे पैसे तुमचे जाणार. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. छोटी लिंक निघाली तर ती पुढं कुठं नेते हे कोड वाचून कळत नसतं, तेही लक्षात ठेवा.

आणि काय अपलोड करायचं नाही

यावर मी जरा चिडतोच. आधारवरचा क्यूआर लोक कुठल्याही फुकट साईटवर टाकतात. वाचल्यावर नुसता लांबलचक आकडा येतो म्हणून त्यांना वाटतं काही कळलं नाही. त्या आकड्यात तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटोसुद्धा दाबून भरलेला असतो, आणि तो उलगडणारा प्रोग्रॅम कुणालाही मिळतो. त्या भाच्यानं तर अख्ख्या कारखान्याच्या खरेदीचा हिशेब अनोळखी सर्व्हरला पोचवला होता, ते मामांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

अशा कामाला मी ब्राउझरमध्येच वाचणारी साईट घेतो. ओळखायची माझी पद्धत सोपी आहे, पान उघडायचं, नेट पूर्ण बंद करायचं, मग एखाद्या फालतू कोडचा फोटो टाकायचा. तरी वाचला तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. भाच्यालाही शेवटी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ओपनसीव्ही ही फोटो वाचणारी लायब्ररी लावून दिली, सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, बाहेर काही जात नाही.

एवढं करून दोन वेगवेगळ्या डिकोडरनी नाही म्हटलं तर तिसरा शोधू नका. ज्यानं बिल पाठवलं त्याला फोन करा आणि मूळ पीडीएफ मेलवर मागवा, चहा येईपर्यंत येतं.