फोटो ऑनलाईन ठेवायचे आहेत? आधी वही काढा

मावसभावाच्या घरी उन्हाळ्यात लग्न आहे. फोटो ठेवायला अन पाहुण्यांना पाठवायला कोणती सर्विस घ्यावी, असं तो विचारत होता. फोनवर त्याला अर्धा तास सांगितलं, तेच इथं लिहून ठेवतो, कारण मी हे एकदा पार घालवून बसलोय.

माझं खातं मोबाईलच्या दुकानातल्या पोट्ट्यानं काढून दिलं होतं. आपल्याकडं असंच चालतं, मोबाईल घेतला की तो तिथंच मेल आयडी बनवून देतो, पासवर्ड त्यानंच टाकला, मी विचारला नाही अन त्यानं सांगितला नाही. तीन वर्षं फोटो आपोआप वर जात राहिले, मी निर्धास्त. मग फवारणीत खिशातला मोबाईल औषधाच्या ड्रममध्ये पडला, अन नवीन मोबाईलवर खातं उघडायला गेलो तर ओटीपी जुन्या सिमवर. ते सिम रिचार्ज न करता पडून होतं, नंबर केव्हाच बंद होऊन दुसऱ्याला गेलेला. लावून पाहिला तर पलीकडून कोणी बाई हिंदीत बोलली. त्या खात्यात बाबांचा शेवटचा पोळा आहे. बैलाच्या शिंगाला बेगड चिकटवतायत, चष्मा नाकावर घसरलेला, जिभेचं टोक दातात धरलेलं. तो फोटो दुसरीकडं कुठंच नाही.

म्हणून सर्विस कोणती हे नंतर, आधी खातं. स्वतःच्या हातानं काढा, दुकानात नाही. पासवर्ड वहीत लिहा. रिकव्हरीला, म्हणजे अडलेलं खातं परत मिळवायला, जो नंबर देता तो रोज वापरातला असू द्या, सोबत घरातल्या दुसऱ्या माणसाचा मेलही टाका. प्रीपेड सिम ९० दिवस काहीच वापरलं नाही तर कंपनी बंद करू शकते, मग तोच नंबर पुढं दुसऱ्याला मिळतो, अन आपला ओटीपी त्याच्याकडं जातो. गूगलमध्ये टू-स्टेप, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक खात्री मागणारं कुलूप, चालू केलं की १० बॅकअप कोड मिळतात, ८-८ आकड्यांचे, एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा अन सातबारा, रेशनकार्ड ठेवता त्या पेटीत ठेवा. मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका बाप्पा, मोबाईल गेल्यावरच तर ते कोड लागतात!

आता जागा. गूगल १५ जीबी फुकट देतं, पण ती फोटो, जीमेल, ड्राईव्ह सगळ्यांची मिळून, अन अँड्रॉईडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच बसतो. अशाच दुसऱ्या सर्विस म्हणजे ॲपलचं आयक्लाउड ५ जीबी, वनड्राईव्ह ५, ड्रॉपबॉक्स २. आधी गॅलरीत किती फोटो आहेत ते बघा. एक फोटो ४ एमबीचा धरला तर ३००० फोटो म्हणजे १२ जीबी, व्हिडिओ वेगळेच. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर एवढं चढवायला आठ दिवस लागतात, तेही दुसरं काही पाहिलं नाही तर. वायफायवरच अपलोड असं सेटिंग करा, तालुक्याला गेलात की कोणाच्या तरी घरी बसून चढवा, गच्चीवर रेंज शोधत बसू नका.

फुकटावर फार भरवसा नको. गूगल फोटोजवर आधी कितीही फोटो फुकट ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून ते बंद झालं. फ्लिकर या फोटो ठेवायच्या साईटनं २०१३ मध्ये १ टीबी, म्हणजे हजारेक जीबी, फुकट दिली होती, मालक बदलल्यावर फुकट खात्यांना १००० फोटोंची मर्यादा आली. म्हणून घेतानाच विचारायचं, उद्या नियम बदलले तर माझे फोटो बाहेर काढता येतात का. गूगलमध्ये टेकआउट आहे, त्यातून सगळं झिप होऊन, म्हणजे फाईलीत बांधून, मिळतं. पण आधी पन्नास फोटो चढवा, ते उतरवून मोबाईलवर उघडून बघा, तारखा बरोबर आल्या का ते पाहा, मगच बाकीचे टाका.

अन दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते खातंच काढून टाकू शकतं. आईच्या नावानं खातं काढलं असेल तर सणावाराला एकदा उघडून द्या. तेव्हाच रिकव्हरीला दिलेला नंबर चालू आहे का बघा. नंबर बदलला असेल तर त्याच दिवशी खात्यात बदला, उद्यावर ढकलू नका, मी ढकललं होतं.

डिलीटचं नीट समजून घ्या, यात लय लोक फसतात. गूगल फोटोजच्या ॲपमध्ये फोटो डिलीट केला की मोबाईलमधूनही जातो अन वरूनही. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग संपलं. मोबाईल भरला म्हणून जागा करायची असेल तर त्याचं वेगळं बटण आहे, ते फक्त मोबाईलमधले काढतं. वहिनीनं साधं डिलीट दाबलं होतं, बारशाचे फोटो ट्रॅशमधून परत आणले.

क्वालिटी ओरिजिनल ठेवायची की कमी, हे आधीच ठरवा. कमीवर १६ मेगापिक्सेलपर्यंत चालतं, घरच्या अल्बमला पुष्कळ आहे. फक्त व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो हा मूळ फोटो समजू नका, तो दाबून लहान झालेला असतो अन त्यातली काढल्याची तारीख, जागा निघून गेलेली असते. पीक नुकसानीचा पुरावा दाखवायची वेळ येऊ शकते, म्हणून शेतातले फोटो स्वतःच्या कॅमेऱ्यातले, तारखेसकट जपा. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेअरिंग. लिंक ज्याच्या हाती पडली त्याला अल्बम दिसतो, अन लग्नाची लिंक गावच्या ग्रुपवर पडायला वेळ लागत नाही. लेकीबाळींचे फोटो असतात त्यात. जमेल तिथं माणसाचा मेल टाकून द्या, नाहीतर महिन्याभरात लिंक बंद करा. फोटोग्राफरला सांगा, मूळ फाईली पेनड्राईव्हवर पाहिजेत, ते सोडू नका.

बाकी ॲप मराठीत आहे का, आईला उघडता येतं का, बघून घ्या. दुसरी कॉपी हार्ड डिस्कवर, ती डिस्क दुसऱ्या घरी.

सगळं झालं की आपला मोबाईल बाजूला ठेवा, दुसऱ्याच्या मोबाईलवर फक्त वही पाहून खातं उघडून दाखवा. नाही उघडलं तर एकही फोटो चढवू नका. मावसभावाला हेच दोनदा सांगितलं, तो म्हणे, "हो ना भौ, समजलं." मी म्हटलं, समजलं तर उघडून दाखव. अजून त्याचा फोन आला नाही.