इलेक्ट्रिक गाडी रोज वापरताना या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडी घेतली असे कुणाला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बॅटरी किती वर्षे टिकेल? प्रश्न रास्त आहे, कारण गाडीच्या किमतीचा मोठा वाटा त्या बॅटरीचाच असतो. मात्र पुण्यात चार वर्षे रोज ही गाडी चालवताना माझी तीन वेळा अडचण झाली आणि त्यांपैकी एकाही वेळी मोठ्या बॅटरीचा संबंध नव्हता. एकदा घरच्या प्लगने घात केला, एकदा १२ व्होल्टच्या लहानशा बॅटरीने आणि एकदा मीच लावून विसरलेल्या वेळापत्रकाने. म्हणून या लेखात मोठ्या बॅटरीपेक्षा तिच्या भोवतालच्या साध्या गोष्टींबद्दल अधिक लिहीत आहे.

प्लग, तार आणि अर्थिंग

सुरुवातीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटर रूमपासून तार ओढून १५ अँपिअरचा साधा प्लग बसवून घेतला होता. तिसऱ्याच आठवड्यात एका रात्री चार्जिंग मध्येच थांबले. सकाळी प्लग काढायला गेलो तेव्हा त्याची एक पिन तपकिरी पडली होती आणि बोर्डाला जळका वास येत होता. वायरमनचे म्हणणे असे होते की याच प्रकारच्या प्लगवर घरोघरी गीझर चालतात. ते खरेच आहे, परंतु गीझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवून बंद होतो, तर गाडीसोबत मिळणारा सुमारे ३.३ किलोवॉटचा चार्जर ४० युनिटांची बॅटरी २० टक्क्यांपासून पूर्ण भरायला दहा-अकरा तास घेतो आणि त्यातला बहुतेक काळ १४ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह अखंड वाहत राहतो. पिन थोडी सैल असेल आणि त्या जोडात ०.१ ओहम इतकाच विरोध निर्माण झाला, तरी तेवढ्या एका जागी जवळजवळ २० वॉट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न रात्रभर प्लगच्या आत चालू ठेवावी, तसाच हा प्रकार आहे.

त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड, मल्टिप्लग आणि गुंडाळून ठेवलेली लांब केबल या तीन गोष्टी चार्जिंगच्या आसपासही येऊ देऊ नयेत. गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्यावी, तार तांब्याची आणि निदान ४ चौरस मिलिमीटरची असावी, शेवटी औद्योगिक प्रतीचा १६ अँपिअरचा सॉकेट असावा आणि वर एमसीबीबरोबर (जास्त प्रवाह वाहिल्यास वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. पहिले काही दिवस चार्जिंग सुरू झाल्यानंतर तासाभराने प्लगला हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहावे. कोमट लागला तर हरकत नाही, पण हात ठेववत नसेल तर चार्जिंग तिथेच थांबवून जोड तपासून घ्यावा.

याच टप्प्यावर बहुतेकांना भेटणारी दुसरी अडचण अर्थिंगची आहे. मिक्सर, फ्रिज, टीव्ही यांपैकी काहीही अर्थिंगची विचारपूस करत नाही, त्यामुळे ते नसल्याचे घरात वर्षानुवर्षे कळतही नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते समाधानकारक नसेल तर लाल दिवा लावून स्वस्थ बसतो. अशा वेळी काही कारागीर सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडून देतात आणि चार्जर फसतो. ही युक्ती कृपया कुणालाही करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रलचा जोड सुटला तर त्याच तुकड्यातून गाडीच्या संपूर्ण सांगाड्यावर वीज उतरू शकते, आणि पार्किंगमध्ये ओल्या फरशीवर अनवाणी खेळणाऱ्या मुलाने गाडीला हात लावला तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही. चार्जर नकार देतो ते आपल्या जिवाच्या काळजीपोटीच, असे समजावे.

कित्येकदा उपाय फार सोपा असतो. मार्चपर्यंत व्यवस्थित चार्ज होणारी गाडी एप्रिल-मेमध्ये अचानक अर्थिंगची तक्रार करू लागली, तर बहुधा अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची जमीन वाळलेली असते. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून काही तासांनी पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्याने भागले नाही, तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या बरेच वर असेल तर सोसायटीच्या कमिटीला नव्या अर्थिंगचा खर्च मंजूर करायला सांगण्यास ते मोजमाप पुरेसे कारण आहे.

मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी मृतवत

दुसरा प्रसंग जुलैमधला आहे. दहा दिवस गावी राहून परतलो आणि चावीचे बटण दाबले, तर कुलूपच उघडेना. अ‍ॅपमधील शेवटची नोंद ७६ टक्के चार्जिंगची होती, म्हणजे मोठ्या बॅटरीत सव्वादोनशे किलोमीटर जाण्याइतकी वीज असूनही गाडी दाराशी निश्चल उभी होती. इलेक्ट्रिक गाड्यांमध्येही कुलूप, समोरचा पडदा (स्क्रीन), दिवे आणि सगळे नियंत्रक १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतात आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विचदेखील, तिच्याच जोरावर जोडले जातात. ती उतरली की मोठ्या बॅटरीतील वीज आतच कोंडून राहते. माझ्या गाडीत अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतलेला डॅशकॅम सतत चालू राहणाऱ्या तारेवर जोडलेला होता आणि दहा दिवसांत त्याने ती बॅटरी शोषून घेतली.

पेट्रोल गाडीत बॅटरी अशक्त झाली की स्टार्टर रडत रडत फिरतो आणि आपण सावध होतो. येथे स्टार्टरच नसल्यामुळे ती पूर्वसूचना मिळत नाही. त्याऐवजी एकाच वेळी चार-पाच असंबद्ध इशारे दिसणे, पडदा आपोआप बंद होऊन चालू होणे, दार उघडायला उशीर लागणे अशी लक्षणे दिसतात आणि मालक सॉफ्टवेअर बिघडले असे समजून सर्व्हिस सेंटरशी वाद घालत राहतात. अशी लक्षणे दिसली की प्रथम १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्यावी, आणि तिसऱ्या वर्षापासून लक्षणे नसली तरी प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावी.

अडकलात तर चावीच्या आत दडवलेली धातूची किल्ली काढून दार उघडावे, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीचा आधार द्यावा आणि गाडी जागी झाली की अर्धा-पाऊण तास रेडी स्थितीत (म्हणजे चालवायला तयार अवस्थेत), गाडीजवळच थांबून, चालू ठेवावी. तेवढ्या वेळात मोठी बॅटरी लहान बॅटरीला चार्ज करते. याच्या उलट, आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून शेजाऱ्यांची पेट्रोल गाडी सुरू करून देण्याचा शेजारधर्म मात्र पाळू नये, कारण स्टार्टर एका क्षणात जितका प्रवाह ओढतो तितका देण्यासाठी ही लहान बॅटरी बनवलेली नसते.

चार्जर जोडला, पण चार्जिंग सुरू होत नाही

महाबळेश्वरच्या एका हॉटेलात दुपारी गाडी चार्जरला लावून आम्ही जेवायला गेलो आणि दीड तासाने परत आलो तेव्हा एक टक्काही वाढ झालेली नव्हती. चार्जर बदलला, केबल बदलली, हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. शेवटी मुलीने गाडीच्या पडद्यावर दाखवले की घरच्या सोयीसाठी मी रात्री दहानंतरच चार्जिंग सुरू व्हावे असे वेळापत्रक लावून ठेवले होते. गाडी आज्ञेनुसार रात्रीची वाट पाहत होती. बाहेर चार्जिंग सुरू होत नसेल तर सर्वप्रथम हे वेळापत्रक आणि चार्जिंगची ठरवलेली मर्यादा पाहावी.

महामार्गावरील जलद चार्जरवर कारणे वेगळी असतात. तिथली गन (गाडीच्या पोर्टमध्ये बसवायची चार्जरची मूठ) आणि केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि गाडी व चार्जर यांचा संवाद जुळत नाही. गाडी बंद करून, गन नीट आत ढकलून, सत्र सुरू होईपर्यंत ती हाताने किंचित वर उचलून धरावी. निम्म्या तक्रारी तेवढ्याने मिटतात असा माझा अनुभव आहे. त्यानंतर चार्जरवरचे लाल आपत्कालीन बटण कुणी दाबून ठेवलेले नाही ना, हे पाहावे. चार्जिंग संपल्यावर गन निघत नसेल तर ओढाताण करू नये. गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करावी आणि गन आत दाबून मग ओढावी. तरीही न निघाल्यास बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीत सुटकेची दोरी असते. ती कुठे आहे हे आजच घरी पाहून ठेवावे.

शंभर टक्के भरावी की ऐंशी?

याचे उत्तर बॅटरीच्या रसायनावर अवलंबून आहे आणि शेजाऱ्याचा सल्ला आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही. टाटा नेक्सॉन ईव्ही किंवा महिंद्रा बीई ६ यांसारख्या गाड्यांमध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटऱ्या असतात. त्यांचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहत असल्यामुळे किती टक्के वीज उरली याचा अंदाज हळूहळू चुकत जातो, आणि तो सुधारण्यासाठी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून मंद चार्जरवर पूर्ण शंभर टक्के भरणे आवश्यक असते. सतत ऐंशीवर थांबवणाऱ्यांच्या गाडीत १५ टक्क्यांचे अचानक ७ होतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारात मात्र रोजच्यासाठी ऐंशी टक्के बरे आणि शंभर टक्के लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच करावे. दोन्ही प्रकारांत पूर्ण भरलेली गाडी नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात आठवडाभर सोडून जाणे वाईटच आहे. लांब मुक्कामाला जाताना निम्म्याच्या आसपास ठेवून सावलीत उभी करावी.

घाटातली वीज आणि गंजलेले ब्रेक

खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. प्रवाशांसह १,९०० किलो वजन तेवढे उचलायला सपाट रस्त्याच्या खर्चाशिवाय जवळजवळ ३ युनिटे लागतात, म्हणजे ४० युनिटांच्या बॅटरीतील सात-आठ टक्के. पडद्यावर दिसणारी उरलेल्या किलोमीटरची संख्या आधीच्या सपाट रस्त्यावरच्या चालवण्यावरून काढलेली असते. तिला पुढच्या घाटाची खबर नसते. म्हणून प्रवासाचे गणित टक्क्यांत करावे आणि किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. त्यात द्रुतगती मार्गावर ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक वाढतो, हेही लक्षात असू द्यावे.

उताराची चूक वेगळी आहे. लोणावळ्यात किंवा आंबोलीत मुक्काम करून, सकाळी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरायला लागणारे अनेक जण मी पाहिले आहेत. भरलेल्या बॅटरीत वीज परत घालायला जागा नसते, त्यामुळे रोज ॲक्सिलरेटर सोडताच गाडीला धरून ठेवणारे रीजन (गाडीच्या गतीतून वीज बनवून तिचा वेग कमी करणारी यंत्रणा) जवळजवळ नाहीसे होते आणि पहिल्याच वळणावर गाडी सुसाट सुटल्यासारखी वाटते. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर चार्जिंग थांबवावे; उताराने उरलेली थोडीफार जागा आपोआप भरते.

याच रीजनमुळे शहरात पायाखालचे ब्रेक फार कमी वापरले जातात. लोक ब्रेक पॅड वर्षानुवर्षे टिकतात याचे कौतुक करतात, पण न वापरलेल्या डिस्कवर पावसाळ्यात गंज चढतो आणि कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत तो लवकर खोल जातो. मग ऐन गरजेच्या वेळी ब्रेक खरखरतो किंवा एका बाजूला ओढतो. आठवड्यातून एकदा, मागे कुणी नसताना, रीजन शून्यावर ठेवून पाच-सहा वेळा ब्रेक ठामपणे दाबावा, म्हणजे डिस्क घासून स्वच्छ होते. पॅड झिजले नाहीत म्हणून ब्रेक ऑइल बदलणे टाळू नये. ते वापराने नव्हे, हवेतील ओलावा शोषल्याने खराब होते. टायरचा हिशेब मात्र उलटा आहे. वजन जास्त आणि जोर तत्काळ मिळणारा, त्यामुळे टायर लवकर झिजतात. हवा दर पंधरवड्याने, गाडी थंड असताना पाहावी.

पाणी

बॅटरीवर आयपी ६७ असे लिहिलेले असते. याचा अर्थ ती एक मीटर पाण्यात अर्धा तास चाचणीत टिकली. चाचणीतले पाणी स्वच्छ आणि स्थिर असते, तर तुंबलेल्या रस्त्यावर वाहते पाणी, दगड आणि उघडी मॅनहोल असतात. पाऊस पडत असताना चार्जिंग करण्यात गाडीच्या बाजूने अडचण नाही. भिंतीवरचा सॉकेट आणि चार्जरचा डबा मात्र छताखालीच हवा. गाडी धुताना प्रेशरचा फवारा चार्जिंग पोर्टवर आणि बॉनेटखाली मारू देऊ नये, उच्च व्होल्टेजच्या नारिंगी तारांना कुणालाही हात लावू देऊ नये, आणि कूलंट कमी झाले तर त्यात नळाचे पाणी ओतू नये.

रेडीचा हिरवा दिवा

गाडी बंद पडल्यास दोरीने ओढून नेऊ नये. चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटर फिरते आणि वीज तयार करू लागते, त्यामुळे चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवावी.

आवाज नसल्यामुळे होणारी एक चूक मात्र माझ्या मते या सर्वांत गंभीर आहे. दूध घ्यायला दोन मिनिटे उतरताना गाडी चालू असल्याचे अनेकांच्या लक्षातच येत नाही. एसीही शांत, इंजिन तर नाहीच. गाडी गिअरमध्येच राहिली असेल आणि आत बसलेल्या मुलाचा खाली वाकताना हात ॲक्सिलरेटरवर पडला, तर गाडी निमूटपणे पुढे झेपावेल. म्हणून उतरण्यापूर्वी पार्किंग ब्रेक लावावा, पी निवडावे, बटण दाबून गाडी बंद करावी आणि रेडीचा हिरवा दिवा विझलेला डोळ्यांनी पाहूनच दार उघडावे. आमच्या घरात आता शेजारच्या सीटवर बसणारी व्यक्ती “दिवा गेला का?” असे विचारल्याशिवाय उतरत नाही.