बेळगावच्या हवेत गिटार घडवायची तर

पहिली गिटार मी श्रावणात चिकटवली. बाहेर चार दिवस झड लागलेली, घरात बसून दुसरं काय करणार? आमच्या गल्लीतले मिस्त्री दारातूनच म्हणाले, "आत्ता पावसात चिकटवून काय करतासा ओ? लाकूड पाणी प्यालंय की." मी हसण्यावारी नेलं. होळीच्या आसपास ब्रिजखालून (तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) टॉप, म्हणजे गिटारीची पुढची पातळ फळी, उभा चिरला. नख अडकेल एवढी चीर.

लाकूड हवेतली ओल ओढून रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. जुलैत जोडलेला चारशे मिलिमीटर रुंदीचा टॉप मार्चपर्यंत चार-सहा मिलिमीटर आकसू पाहतो, आणि आतून चिकटवलेल्या पट्ट्या त्याला आकसू देत नाहीत. मग तो फाटतो. कोरड्या हवेत जोडलेला टॉप पावसात थोडं पोट काढतो, पण सहसा चिरत नाही. त्यामुळे माझं काम आता पंचांगावर चालतं. पावसाळ्यात साचे आणि हत्यारं, तुळशीच्या लग्नानंतर लाकूड चिरणं, आणि टॉप-पाठीची जोडणी जानेवारी ते मार्च. साधा डिजिटल आर्द्रतामापक भिंतीला टांगा. आकडा ४५ ते ५० टक्क्यांच्या आत असेल तेव्हाच गमाची बाटली उघडायची.

लाकूड

पाठ आणि कडांना शिसव उत्तम. पण कर्नाटकात शिसवीचं झाड तोडायला आणि माल हलवायला वनखात्याची परवानगी लागते, तेव्हा बिनपावतीचं लाकूड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. मी जुन्या घरांतलं सामान शोधतो. वाडे पाडतात तेव्हा शिसवी कपाटांची दारं, पलंगाच्या पाट्या निघतात, आणि इतकी वर्षं वाळलेलं लाकूड वखारीत मिळत नाही. करवतीखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत मोडके खिळे असतात. साग चालतो, फक्त तेलकट असतो. ॲसिटोनने पुसून लगेच जोडावा लागतो.

नेकसाठी, म्हणजे गिटारीच्या लांब मानेसाठी, मी तूण घेतो. मिरजेचे सतारमेकर सतारीसाठी तूणच वापरतात. हलकं लाकूड आहे आणि घरातल्या हत्यारांना ऐकतं. मात्र सहा पोलादी तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, म्हणून आत ट्रस रॉड, म्हणजे नेक वाकू न देणारी सळई, हवाच.

टॉपचं, म्हणजे सतारवाले ज्याला तबली म्हणतात त्याचं, स्प्रूस मागवावंच लागतं. पहिल्याच गिटारीला महाग टॉप लावू नका. उद्यमबागेतल्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांत कधी कधी पाइन-स्प्रूसच्या सरळ रेषांच्या फळ्या सापडतात. फळीचं टोक बघा: वाढीच्या रेषा उभ्या, फळीच्या रुंद बाजूशी काटकोनात हव्यात. गाठ असेल तर सोडून द्या. फळी मधोमध जाडीत चिरून पुस्तकासारखी उघडली आणि कडेला कड जोडली की टॉप तयार. रंधून २.८ ते ३ मिलिमीटरवर आणायचा. पाठ अडीच, कडा दोन.

कडा वाकवणं

सगळ्यात मजेचा आणि सगळ्यात धास्तीचा भाग हाच. पावसाळ्यात प्लायवूडचे थर चिकटवून गिटारीच्या आकाराचा साचा केलेला असेलच. भंगारात दोन-अडीच इंची स्टीलचा पाइप मिळतो. तो शिकंज्यात आडवा घट्ट धरा आणि एका तोंडातून टॉर्चची ज्योत आत सोडा. पाण्याचा थेंब टाकला की तो चर्र करून जागीच न विरता नाचत पळाला पाहिजे. कडेची पट्टी पंधरा-वीस मिनिटं भिजवलेली असू दे. सुरुवात कमरेपासून, कारण तिथलं वळण अवघड. दोन्ही हातांनी पट्टी पाइपवर टेकवून हलकं मागं-पुढं करत राहायचं. जोर नाही लावायचा. थोड्या वेळाने तव्यावरची पोळी सैल पडावी तसं लाकूड हाताखाली एकदम सैल पडतं, आणि शिसव असेल तर खोलीभर गोडसर वास सुटतो. तो क्षण आला की वाकवा आणि थंड होईपर्यंत तसंच धरा. कट्ट असा बारीक आवाज आला तर लगेच थांबा, पाणी मारा, आणखी तापवा. माझ्या पहिल्या चार पट्ट्यांतल्या दोन चुलीत गेल्या.

वाकलेल्या कडा रात्रभर साच्यात दाबून ठेवायच्या. मग पुढच्या-मागच्या टोकाला ठोकळे, आणि कडेच्या आतून सलग लाकडी पट्टी. तिला दर सहा मिलिमीटरवर खाचा मारल्या की ती कंगव्यासारखी दिसते आणि हवी तशी वळते.

आतल्या पट्ट्या

टॉपखाली इंग्रजी एक्सच्या आकारात दोन पट्ट्या जातात. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १८४० च्या दशकात वापरायला सुरुवात केलेली ही रचना आजही बहुतेक पोलादी तारांच्या गिटारींत असते. पट्टीचा तळ, म्हणजे टॉपला चिकटणारी बाजू, सरळ ठेवू नका. चारशे मिलिमीटर लांबीत मध्ये अडीच मिलिमीटर उंची येईल एवढा रंधून घ्या, म्हणजे टॉपला किंचित घुमट येतो.

इतके क्लॅम्प कुणाकडे असतात? बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणा. टेबलावर टॉप, वर पोटमाळ्याची फळी, मध्ये कमान करून अडकवलेली कामटी. पंधरा-वीस कामट्यांत सगळं दाबून बसतं. गम मात्र नीट निवडा: सुतारकामाचा साधा पांढरा गम उन्हाळ्यात बंद गाडीत मऊ पडतो आणि ब्रिज सरकू लागतो. पिवळा गम किंवा जुना सरस बरा.

वाळल्यावर पटाशीने पट्ट्यांची टोकं उतरवत जा आणि अंगठ्याने टॉप ठोकत ऐका. आधी फळीसारखा बद्द वाजतो, मग हळूहळू खुलतो. कुठे थांबायचं हे लिहून सांगता येत नाही. मी थोडं आधीच थांबतो.

फ्रेट

फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. इथे कानाला सवलत नाही. नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवरची तसलीच पट्टी) तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली तर ती १७.८१७ ने भागा: पहिला फ्रेट नटपासून ३६.४८ वर. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागायची. दुसरा ७०.९२ वर, तिसरा १०३.४२ वर, बारावा बरोबर ३२५ वर. सगळी मापं नटपासूनच घ्या. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर चूक साठत जाते. सॅडल मात्र ६५० वर बसवू नका. तार दाबली की ताणते आणि सूर चढतो, म्हणून सॅडल पातळ तारेपाशी दोनेक मिलिमीटर आणि जाड तारेपाशी चार-साडेचार मिलिमीटर मागे, तिरकं.

नेक बसवताना फ्रेटवर लांब सरळ पट्टी ठेवा. तिचं पुढचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम शिवलं पाहिजे. ब्रिज त्यानंतरच चिकटवायचा.

पॉलिशला चपडी लाख आणि स्पिरिट पुरे. कापडाच्या बोळ्याने पातळ हात, रोज दोन-तीन. हेही पावसाआधी उरकायचं. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक धरते.

आणि सॅडल दोन घासून ठेवा, एक किंचित बुटकं. मृग लागला की टॉप फुगेल, तारा वर उचलतील आणि बोटं दुखायला लागतील. तेव्हा तारा सैल करून बुटकं सॅडल घाला. उंच सॅडल केसच्या कप्प्यात, दिवाळीपर्यंत.