जुनी बोहेमियन काच कशी ओळखावी आणि कशी न्याहाळावी

बोहेमियन, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातल्या बोहेमियात बनलेल्या, काचेची वस्तू हाती आली की बहुतेक जण ती प्रथम उलटी करून तळाशी सही शोधतात. ही सवय सोडलेली बरी, कारण एकोणिसाव्या शतकातल्या बहुतांश बोहेमियन वस्तूंवर सही नसतेच, आणि जिथे असते तिथे ती नंतर कोणी तरी कोरलेली असण्याची शक्यताही असते. त्याऐवजी रंग काचेत नेमका कुठे आहे, हे आधी पाहावे.

त्यासाठी दिवसाच्या उजेडात, साध्या दहापट भिंगातून पेल्याची किंवा फुलदाणीची वरची कड निरखावी. काच आरपार रंगीत असेल, तर कडेचा संपूर्ण छेद त्याच रंगाचा दिसतो. स्वच्छ काचेवर रंगीत किंवा पांढऱ्या काचेचा दुसरा थर चढवलेला असेल, तर कडेवर दोन वेगळे पट्टे दिसतात आणि जिथे पैलू पाडून वरचा थर काढला आहे, तिथे बोट फिरवल्यास हलकी पायरी लागते. तिसऱ्या प्रकारात रंग काचेच्या पृष्ठभागातच भाजून बसवलेला असतो. त्याला जाडी जवळजवळ नसते, त्यामुळे पायरीही लागत नाही.

बाजारात सर्वाधिक आढळणारी लाल बोहेमियन काच याच तिसऱ्या प्रकारातली आहे. सोन्याच्या साहाय्याने काच लाल करण्याची कला एकोणिसाव्या शतकाआधीही माहीत होती, पण ती महागडी होती. उत्तर बोहेमियातल्या नोव्ही बोर परिसरात काम करणाऱ्या फ्रीडरिश एगरमान (१७७७–१८६४) यांनी १८३२ च्या सुमारास तांब्याच्या संयुगाचा लेप लावून, भट्टीत भाजून लाल रंग आणण्याची पद्धत यशस्वी केली. चांदीच्या संयुगापासून पिवळा रंग त्यांनी त्याआधीच साधला होता. रंगाचा थर इतका पातळ की कोरणाऱ्याच्या चाकाचा स्पर्श होताच खालची स्वच्छ काच उघडी पडे, आणि म्हणूनच लाल पार्श्वभूमीवर शुभ्र हरिणे, किल्ले आणि कार्लोव्ही व्हारीसारख्या आरोग्यस्थानांची दृश्ये असलेले पेले मोठ्या संख्येने तयार होऊ शकले. जुन्या पेल्यावर पैलूंच्या उठावदार कडांशी लाल रंग किंचित झिजलेला दिसला, तर तो दोष मानू नये. मात्र ही पद्धत पुढेही चालू राहिल्याने केवळ रंगावरून वस्तूचे वय ठरवता येत नाही.

वयासाठी कोरीवकाम आणि तळ पाहावा लागतो. बोहेमियातली पारंपरिक काच जंगलातल्या लाकडाच्या राखेतून मिळणाऱ्या पोटॅशपासून बनत असे आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यात चुनाद्रव्य घालून ती अधिक स्वच्छ व कडक करण्यात आली. इंग्लंडमधल्या शिसेयुक्त काचेहून ती हलकी असते आणि बारीक कोरीवकाम उत्तम पेलते. भिंगाखाली हरणाच्या अंगावरची लव पाहावी. चाकाने कोरलेली प्रत्येक रेघ टोकांना निमुळती आणि मध्ये खोल असते, आणि मान व पोट यांची गोलाई खोलीतल्या फरकाने साधलेली असते. आम्लाने उठवलेल्या नक्षीत खोली सर्वत्र सारखी राहते, तर साच्यात दाबून केलेल्या काचेच्या कडा बोथट असतात आणि कित्येकदा साच्याचा सांधाही दिसतो. तळाच्या टेकणाऱ्या भागावर वर्षानुवर्षांच्या वापराने सर्व दिशांना गेलेले बारीक चरे पडतात; एकाच दिशेचे समांतर चरे दिसले, तर कोणी तरी सँडपेपर फिरवल्याची शंका घ्यावी.

पिवळसर-हिरवी काच असल्यास अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च लावून पाहावा. प्रखर हिरवी चमक दिसली, तर काचेत युरेनियम आहे. बोहेमियातले काचकारखानदार योझेफ रीडेल यांनी आपल्या पत्नीच्या, आना हिच्या, नावावरून अशा रंगांना ‘आनाग्र्यून’ (आना-हिरवा) आणि ‘आनागेल्ब’ (आना-पिवळा) ही नावे दिली होती. पण युरेनियमची काच इतर देशांतही बनली आहे, त्यामुळे ही चमक उगमस्थानाचा पुरावा ठरत नाही. काउंट बुक्वॉय यांच्या कारखान्यातली अपारदर्शक काळी ‘हायलिथ’ आणि एगरमान यांची रंगीत दगडासारखी दिसणारी ‘लिथियालिन’ फार क्वचित समोर येते. स्वस्तात मिळाल्यास सावधच राहावे.

मोरपंखी चमकेच्या, १९०० च्या आसपासच्या फुलदाण्यांबाबत तर अधिकच. क्लाश्टेर्स्की म्लिन इथल्या लोट्झ कारखान्याला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मोठा पुरस्कार मिळाला, आणि आज विक्रेते तशा प्रत्येक वस्तूला लोट्झ म्हणतात. त्या काळी बोहेमियातले इतरही कारखाने अशी काच बनवत होते आणि त्यांचे काम पुष्कळदा सुंदर आहे. नावापेक्षा वस्तूला किंमत द्यावी.

अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे आवश्यक झाले. चेकोस्लोव्हाकिया हा देश १९१८ मध्ये अस्तित्वात आला, त्यामुळे ‘चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असेल, तर वस्तू त्यानंतरचीच. आपल्याकडच्या दिवाणखान्यांत दिसणाऱ्या, २४ टक्के शिसे असल्याचे स्टिकर लावलेल्या जड फुलदाण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. त्या छान असतात, पण पुराणवस्तू नव्हेत. भारताशी खरा जुना संबंध आहे तो उत्तर बोहेमियातल्या याब्लोनेत्स गावाचा, जिथून काचेच्या बांगड्या आणि मणी इकडे येत असत.

वस्तू घरी आल्यावर ती खिडकीजवळ, बाजूने उजेड येईल अशी ठेवावी. काही पेल्यांवर कोरीव चित्रासमोरच्या बाजूस गोल, खोलगट भिंगे कापलेली असतात. पेला डोळ्यांच्या पातळीवर धरून त्यांतून पलीकडे पाहिल्यास एकाच हरणाच्या जागी प्रत्येक गोलात एक छोटे, पूर्ण हरिण दिसते, आणि पेला किंचित फिरवताच सगळी एकदम सरकतात. कपाटात मागे ठेवलेल्या पेल्याचा हा खेळ हुकतो.

धुताना प्लास्टिकच्या टबात जाड टॉवेल अंथरून कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा; डिशवॉशर, घासणी आणि गरम-थंड पाण्याचा एकदम बदल टाळावा, आणि सोनेरी मुलाम्यावर नुसते मऊ फडके टेकवावे. कडेला टवका उडालेला पेला घासून सरळ करून घेण्याचा मोह होतो, पण त्याने उंची कमी होते आणि मूळ कड कायमची जाते. नवशिक्याने उलट असाच टवका असलेला पेला कमी किमतीत मुद्दाम घ्यावा, कारण टवक्याच्या जागी काचेचे थर उघडे पडलेले असतात आणि रंग कसा चढवला आहे हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.