पद्मिनीचं इंजिन घरी खोलायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

पद्मिनीचं, म्हणजे जुन्या प्रीमियर पद्मिनी उर्फ फियाट गाडीचं, इंजिन घरी खोलून परत बांधायचं मनात असेल तर पान्याला हात लावायच्या आधी निदान महिनाभर नुसत्या तयारीला द्या असं मी सगळ्यांना सांगतो, कारण खोलायला एक रविवार पुरतो पण नंतर एका पार्टपायी तेच इंजिन सहा-सहा महिने गोणपाटाखाली पडून राहतं आणि तोवर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंज धरतो. पूर्वी असं नव्हतं, गाडी कुर्ल्यात बनायची, मुंबईभर टॅक्स्या तिच्याच, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा म्हणा बेअरिंग म्हणा कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळायचं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली, आता गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर दुकानदार माल भरून ठेवणार कशाला. म्हणून पार्ट आधी, खोलणं नंतर.

आणि त्याच्याही आधी, इंजिन खरंच उतरवायला हवंय का ते बघा. कॉम्प्रेशन गेज आणा, इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहून ठेवा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर गडबड आहे. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा वर चढला तर रिंगा-बोअर गेलेत, हललाच नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड पॅकिंग, म्हणजे नुसतं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून काम होईल, अख्खं इंजिन बाहेर काढायची गरजच नाही. ही अर्ध्या तासाची टेस्ट न करता लोक थेट चेन पुली लावतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं, उतरवायचंच ठरलं तर जागा बघा. वर लोखंडी बीम किंवा स्लॅबचा पक्का हूक पाहिजे, कौलारू घराच्या वाशाला चेन पुली अजिबात टांगायची नाही. खाली सिमेंटची सपाट जमीन, पंख्याचा वारा धूळ उडवणार नाही असा कोपरा, एक जाड लाकडी टेबल, आणि पेट्रोलचं काम आहे म्हणून हाताशी फायर एक्स्टिंग्विशर. आणि मदतीला एक माणूस, हे इंजिन एकट्याने उतरवू नये.

पाने बहुतेकांकडे असतात, पण टॉर्क पाना (बोल्ट किती कसला ते दाखवणारा), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), रिंग कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा टूल या चार गोष्टी नसतील तर थांबा, अंदाजाने हे इंजिन बांधता येत नाही. हेड अॅल्युमिनियमचं आहे, बोल्ट मधून बाहेर या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत कसायचे असतात, आणि किती कसायचे तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा. मॅन्युअलची झेरॉक्स तरी मिळवाच. हेड काढतानाही इंजिन पूर्ण थंड हवं, गरम असताना सोडलं तर वाकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लेथवाला आधी गाठा. तुमच्या गावात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग करणारा कोण आहे, त्याने फियाटचे ब्लॉक पूर्वी केलेत का, हे जाऊन बोलून या. कोल्हापूरकरांचं बरं आहे, उद्यमनगरमध्ये अशी माणसं आहेत. त्याच्याशी एक गोष्ट ठरवून घ्या, पिस्टन आणून दिल्याशिवाय तो बोअर मारणार नाही. मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, त्यातून १०८९ सीसी होतात. पण बोअर किती वाढवायचा हे बाजारात कुठल्या ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा मोठ्या पिस्टनचा) सेट मिळतो त्यावर ठरणार, आणि हातात आलेला प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्याप्रमाणे तो-तो सिलिंडर करायचा. क्रँकचंही तसंच, दहा थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) कमी करायचा की वीस हे बेअरिंगचे शेल हातात आल्यावरच. आधी घासून आलात आणि त्या साइजचे शेलच मिळाले नाहीत तर तो क्रँक शोभेला ठेवावा लागेल.

पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, शिवाय जुने टॅक्सी मेकॅनिक, ज्यांच्या माळ्यावर अजून बंद खोक्यातला माल सापडतो. पूर्ण पॅकिंग किट, रिंगा, मेन आणि बिग एन्डचे शेल, टायमिंग चेन, ऑइल सील, वॉटर पंप, ब्लॉकचे प्लग, इंजिन माउंटिंगचे रबर, आणि इंजिन बाहेर आहेच तर क्लच प्लेट पण. पेट्रोलचे पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम मात्र जुन्या साठ्यातला घेऊ नका, आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉल जुनं रबर खाऊन टाकतं, त्याला टिकणारेच घ्या.

खोलताना लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टीही आधीच घरात आणून ठेवा, झिपच्या पिशव्या, मार्कर, धुवायला डिझेल, लिंट न सोडणारी कापडं (बनियनच्या चिंध्या चालतात, लोकर नको). एक जाड पुठ्ठा घेऊन त्याला आठ भोकं पाडा, १ ते ८ आकडे घाला आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) जसे निघतील तसे त्यात खोचत जा, प्रत्येक रॉड आपल्याच टॅपेटवर परत बसला पाहिजे. कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर आकडे आहेत का ते सोडायच्या आधी बघा, नसतील तर पंच मारा. डिस्ट्रिब्युटर काढताना रोटरचं तोंड कुठे होतं त्याची बॉडीवर खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, ती बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली तरी हरकत नाही. आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. ब्लॉकच बदलायची वेळ आली तर आरटीओचं काम वाढतं, ते आधी माहीत असलेलं बरं.

हेड निघालं की बोअरच्या वरच्या कडेला नखाने खालून वर घासून बघा, नख जिथे अडकतं ती रिंगांनी न घासलेली कडा. नख चांगलंच अडकलं तर बोअर करावाच लागेल, नुसत्या नव्या रिंगा घालून काही होणार नाही. नव्या रिंगाही खोक्यातून काढून थेट चढवायच्या नाहीत, एकेक रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फटीत फीलर गेज घालायचं. साधारण हिशोब इंचाला चार थाउ, म्हणजे इथे दहा-अकरा थाउ. कमी असेल तर बारीक कानशीने घासायची, नाहीतर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडतात.

ट्यूनिंगचं सामान म्हणजे टायमिंग लाइट, डिस्ट्रिब्युटरमधले नवे पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि कार्बोरेटरचं किट. क्रम मात्र चुकवू नका. आधी थंड इंजिनवर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट, मग पॉइंटची गॅप, मग इग्निशनचं टायमिंग, आणि कार्बोरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी. मिसिंग होतंय म्हणून लोक पहिल्यांदा कार्बोरेटरलाच हात घालतात आणि दोष असतो पॉइंटमध्ये.

पहिल्या स्टार्टच्या दिवसासाठी चार्ज केलेली बॅटरी, नवं ऑइल, कूलंट आणि उघडं शटर पाहिजे, बंद गॅरेजमध्ये धूर जिवावर बेततो. प्लग काढून सेल्फ मारत राहा, ऑइल प्रेशरचा दिवा विझला की मगच प्लग लावा. नंतर पहिले पाचशे किलोमीटर गाडी दामटायची नाही, ते झाले की ऑइल बदलायचं, आणि इंजिन रात्रभर थंड झालं की मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे हेडचे बोल्ट परत टॉर्क करून टॅपेट पुन्हा सेट करायचे. त्या दिवसासाठी व्हॉल्व्ह कव्हरचं एक जादा पॅकिंग आत्ताच आणून ठेवा.