सापाची कात अडकली तर ओढू नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

मार्चमधली गोष्ट. रात्री साडेदहाला कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या पोराचा फोन. "दादा, ह्याचं डोळं पांढरं पडल्यात. आंधळं झालं व्हय?" त्याच्याकडे वर्षभराचा बॉल पायथन आहे, म्हणजे परदेशी जातीचा छोटा अजगर. मी विचारलं, किती दिवस झाले? "तीन." अंग कसं दिसतंय? "धुरकट. म्हंजे खडूचा हात फिरवल्यागत." आणि मग जरा थांबून, "मानंजवळ थोडं निघायला लागलं हुतं, ते मी ओढलं."

या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख.

साप पाळणाऱ्यांचा कातीच्या बाबतीत होणारा घोळ बहुतेक वेळा हातांचा असतो. कात अडकते ती बहुतेकदा कोरड्या हवेमुळे, आणि आपण ती सोडवायला जातो बोटांनी. हवा सुधारायला दोन दिवस लागतात, बोटं तर लगेच हाताशी असतात. मी स्वतः याच वाटेने गेलेलो आहे, ते पुढे सांगतो.

डोळे निळे पडले म्हणजे आजार नव्हे

कात टाकायच्या आधी सापाच्या जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो. त्याने रंग मंदावतो, पोट गुलाबीसर दिसतं, डोळ्यांवर दुधी-निळी साय धरते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, त्याला पाळणारे 'आयकॅप' म्हणतात, आणि तोही कातीबरोबर बदलतो. म्हणून डोळा निळा. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो बिचकतो, एरवी गरीब असलेला सापही फुसकारतो. खायलाही बरेच साप नकार देतात. या दिवसांत खायला देऊ नका, तो उपाशी मरत नाही.

फसगत पुढे होते. काही दिवसांनी डोळे परत स्वच्छ होतात. पाळणाऱ्याला वाटतं, झालं, संपलं. आणि नेमका त्याच दिवशी तो पाहुण्यांना दाखवायला साप बाहेर काढतो. खरी कात डोळे स्वच्छ झाल्यावर साधारण चार ते सात दिवसांनी निघते. डोळे निळे पडल्यापासून कात पूर्ण निघेपर्यंत हाताळणी बंद, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे फोन कमी होतील. नवी कातडी त्या वेळी नाजूक असते.

मोठा साप काही आठवड्यांनी ते काही महिन्यांनी कात टाकतो, पिल्लं त्याहून लवकर. (आपल्याकडे वर्तमानपत्रांत मात्र दर महिन्याला कुठलं ना कुठलं शहर 'कात टाकत' असतं, त्यांना कुणी आर्द्रता विचारत नाही.)

काचेला चिकटवलेल्या काट्यावर विश्वास

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. एरवी त्याला साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, कातीच्या दिवसांत ७०च्या आसपास. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्याला ४० ते ६० चालते. आता कोल्हापूरचं बघा. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर येते तेव्हा भिंतीसुद्धा घाम गाळतात, त्या वेळी कात म्हणजे काही प्रश्नच नाही. पण फेब्रुवारी संपला की दुपारी हवा पापडासारखी कोरडी. त्यात छताचा पंखा सतत चालू, टँकला, म्हणजे साप ठेवायच्या काचेच्या पेटीला, जाळीचं झाकण, वर तापवायचा बल्ब. खालून ओलावा येतो आणि जाळीतून निघून जातो. ज्या सापाची पावसाळ्यात कात मोज्यासारखी एका तुकड्यात उलटून निघते, त्याचीच एप्रिलमध्ये चिंध्या-चिंध्या होऊन निघते.

आर्द्रता मोजायला टँकबरोबर मिळतो तो गोल काट्याचा मापक बेभरवशाचा. माझा कायम ६० दाखवायचा, बाहेर काढून टेबलावर ठेवला तरी ६०. डिजिटल घ्या, आणि तोही तपासा. घरातच तपासता येतो: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, विरघळू देऊ नका. हे झाकण आणि मापक दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या बंद डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मापकावर ६८ दिसले तर तो सात कमी सांगतो, ते लक्षात ठेवून वापरा. स्वयंपाकघरातून मीठ नेताना आई विचारेलच काय चाललंय, तेव्हा काहीतरी सांगायची तयारी ठेवा.

ओलं करायचं म्हणजे चिखल करायचा नाही

आर्द्रता कमी आहे कळल्यावर दुसरी चूक लगेच होते. लोक स्प्रेची बाटली घेतात आणि दिवसातून पाच वेळा सगळं भिजवतात. तळातला भुसा ओलाचिंब, साप त्यावर दिवसभर पोट टेकून. महिनाभरात पोटाच्या खवल्यांवर तांबूस-तपकिरी डाग, फोड. याला स्केल रॉट म्हणतात, आणि तो निस्तरणं अडकलेली कात काढण्यापेक्षा अवघड. ओलावा हवेत हवा, पोटाखाली डबकं नको.

मी करतो ते असं. जाळीचा दोन तृतीयांश भाग झाकायचा, थोडी जागा हवेला मोकळी. पाण्याचं भांडं मोठं, म्हणजे साप पूर्ण बसू शकेल इतकं, आणि उबदार बाजूकडे सरकवलेलं. मग एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूला सापाच्या जाडीच्या दीडपट भोक. भोकाच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या, धार राहिली तर तीच कातडी कापते. आत काथ्याचा भुसा, नर्सरीत कोकोपीट म्हणून विटा मिळतात तो. खत मिसळलेला नको. पाण्यात फुगवायचा आणि मग मुठीत घट्ट पिळायचा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे पण बोटांतून पाणी टपकता कामा नये. भाकरीच्या पिठाचा हात असतो तसाच हा हात असतो, दोन-तीनदा केलं की बसतो. डोळे निळे पडले की हा डबा टँकच्या मधोमध ठेवायचा. साप आपसूक आत जाऊन बसतो.

उष्णतेकडेही बघा. बॉल पायथनला टँकची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ असावी. डिसेंबरात घर गार पडतं, लाइट गेली की टँक तापवायची मॅटही गार. थंड पडलेल्या सापाचं पाणी पिणंही कमी होतं आणि कातही रेंगाळते.

आता ओढण्याबद्दल

माझ्याकडच्या बॉल पायथनचं नाव ढेप. वेटोळं घालून बसली की गुळाची ढेपच, रंगही तसाच. पहिल्याच हिवाळ्यात तिची कात तुकड्यांत निघाली आणि डाव्या डोळ्यावर आयकॅप राहिली. डोळा मंद दिसत होता, कडेला बारीक सुरकुती. मला वाटलं, एवढं तर टोक दिसतंय. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातात भुवया कोरायचा चिमटा. टोक धरलं, हलकं ओढलं, आलं नाही. जरा जास्त ओढलं.

जुन्या खवल्याखाली नवा खवला असतो आणि त्याच्याखाली थेट डोळा. मी ओढलं त्याबरोबर नव्याचीही कड उचलली गेली. डोळा लाल झाला, पुढे सहा आठवडे औषध. ढेप वाचली, खाते-पिते, पण त्या डोळ्यावर ढग कायमचा बसला. डाव्या बाजूने हात नेला की आजही ती दचकते. प्रत्येक वेळी.

तेव्हा डोळ्याच्या बाबतीत: चिमटा नाही, नख नाही, चिकटपट्टी नाही. आयकॅप राहिली वाटली तर हवा सुधारा, ओला डबा द्या आणि पुढच्या कातीची वाट बघा. बहुतेक वेळा ती पुढच्या कातीबरोबर निघते. दोन काती झाल्या तरी राहिली, किंवा डोळा सुजला, तर डॉक्टर. आणि डोळा आत दबल्यासारखा दिसतो म्हणजे आयकॅपच असेल असं नाही, पाणी कमी पडलं तरी तसं दिसतं.

अंगावरच्या तुकड्यांना मात्र मदत करता येते. हवेला भोकं असलेला एक डबा घ्यायचा, त्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल. पाणी २८ ते ३० अंश, म्हणजे आपल्या हाताला कोमटसुद्धा लागत नाही, 'पाणी गारच आहे की' असं वाटतं. हाताला गरम वाटलं तर सापाला ते फार झालं. सापाला त्यात अर्धा-पाऊण तास ठेवा आणि समोर बसून राहा. बादलीत किंवा खोल टबात सोडून चहा प्यायला जाऊ नका, दमलेला साप बुडतो. मग खरखरीत ओला पंचा हातात सैल धरून सापाला त्यातून जाऊ द्या. जोर सापाचा, पकड पंचाची, आपण फक्त खांब. सुटायची ती कात पंचात राहते. जी राहत नाही ती अजून तयार नाही. उद्या पुन्हा.

राजारामपुरीच्या पोराला त्या रात्री हेच सांगितलं, पण थोडं वेगळं. त्याच्या सापाचे डोळे अजून निळेच होते, म्हणजे कात निघायची वेळच झाली नव्हती. मानेजवळ निघालं ते कुठेतरी घासून निघालं असणार, आणि याने ते आणखी ओढलं. तिथे पंचाही नको. ओला डबा, भांड्यात पाणी, टँकवर चादर आणि हात खिशात.

खोबरेल लाव की

हा सल्ला मला घरातून, शेजारून आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध पिता पिता तीन वेगवेगळ्या लोकांकडून मिळालाय. माया असते त्यात. पण कातीला ओलावा लागतो, आणि तेल ओलावा देत नाही. वर भुसा अंगाला चिकटतो, कातीखाली घाण अडकते. बेबी ऑइल, बदाम तेल, कोरफड, सगळ्यांना हेच लागू.

शेपटीचं टोक

सगळ्यात दुर्लक्षित जागा. शेपटीच्या टोकावर कातीची अंगठी राहिली तर ती सुकते आणि आवळते. पुढच्या वेळी तिच्यावर दुसरी. रक्त पोचत नाही, टोक काळं पडतं, वाळतं, गळतं. ओल्या कापसात टोक दहा मिनिटं गुंडाळून मग बोटांत हलकेच फिरवलं तर ताजी अंगठी सुटते. टोक काळं किंवा कडक झालं असेल तर हात लावू नका, सरळ डॉक्टर.

म्हणून निघालेली कात फेकू नका, आधी वाचा. खिडकीच्या उजेडात धरा. डोक्याच्या भागात दोन स्वच्छ गोल भिंगं दिसली पाहिजेत, कॉन्टॅक्ट लेन्ससारखी. शेवटी बंद, निमुळतं टोक पाहिजे. कातीची लांबी सापाहून जास्त भरते, ती ताणलेली असते, त्यावरून 'माझा साप वाढला' असं स्टेटस ठेवू नका.

हवा ठीक, तरी दर वेळी अडकते

मग कारण दुसरं आहे. पाण्याच्या भांड्यात मिरपुडीसारखे काळे ठिपके बुडालेले दिसतात का? डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली? ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. साप तासन् तास भांड्यात बसून राहतो तो बऱ्याचदा त्यांच्यामुळे. कुत्र्याच्या गोचिडांवरचा स्प्रे अंदाजाने मारू नका, कुत्र्याला चालतं ते सापाला मारूही शकतं. जुन्या जखमेच्या वणावरही कात अडकते, ते आयुष्यभर सांभाळावं लागतं.

आपल्याकडचे बरेच पशुवैद्य म्हशी आणि कुत्र्यांत तरबेज, साप पुढे केला की खुर्ची मागे सरकते. म्हणून साप आजारी पडायच्या आधीच दोन-चार फोन करून कोण बघतं ते विचारून ठेवा.

आणि कागद. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नोंदणी नाही म्हणून डॉक्टरकडे जायला लाजणारे मी पाहिलेत, त्रास सापाला होतो. आपली धामण, नाग, अजगर मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित, ते पाळायचेच नाहीत. परसात अर्धवट कातीतली धामण दिसली तर तिला टबात घालू नका, तिचं ती बघते. जखमी असेल तर वन विभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६.

नवव्या दिवशी सकाळी पोराचा फोटो आला. दाराच्या चौकटीला लटकवलेली अख्खी कात, मानेजवळ एक फाटका तुकडा, बाकी सलग. खाली 'नादखुळा' आणि तीन बदाम. मी लिहिलं, डोळे मोजलेस? "दोन्ही हाईत." आणि शेपटीचं टोक?

बराच वेळ नुसतंच 'टायपिंग' दिसत राहिलं. मग, "थांबा, बघतो."