दोन कंपन्यांची ग्राफिक्स कार्डे एकाच संगणकात बसवताना

नवे ग्राफिक्स कार्ड घेतल्यावर जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न गुहागर-मालवणच्या बाजूला जरा जास्तच पडतो, कारण वापरलेल्या कार्डाला गिऱ्हाईक मिळते ते मुंबई-पुण्यात, आणि पार्सलने पाठवलेले कार्ड घाटापलीकडे धड पोहोचेपर्यंत जिवाला घोर लागतो. त्यापेक्षा एएमडीचे जुने कार्ड एनव्हिडियाच्या नव्या कार्डाशेजारीच बसवावे, असे अनेकांच्या मनात येते. तसे बसवता येते आणि विंडोजवर दोन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदतातही. मात्र दोन्ही कार्डांची ताकद एकाच गेममध्ये आपोआप एकवटेल, ही आशा आधीच सोडून द्यावी.

एकाहून अधिक कार्डे एका गेमला जुंपणारी एनव्हिडियाची एसएलआय आणि एटीआयची (म्हणजे पुढे एएमडीची) क्रॉसफायर ही दोन्ही तंत्रे आपापल्या कंपनीच्या कार्डांपुरतीच होती. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने (गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या प्रणालीने) निराळ्या कंपन्यांची कार्डे एका कामाला जुंपण्याची वाट मोकळी केली खरी, पण ती सोय प्रत्येक गेमच्या निर्मात्याला स्वतः लिहावी लागते. ‘ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’सारखे मोजके गेम वगळता ती तसदी कोणी घेतली नाही. त्यामुळे आज शहाणपणाचा मार्ग म्हणजे कामाची वाटणी: गेम एका कार्डाने चालवायचा आणि दुसऱ्याला वेगळे काम द्यायचे.

यातले सर्वांत उपयोगी काम म्हणजे फ्रेम जनरेशन. स्टीमवर मिळणारे ‘लॉसलेस स्केलिंग’ हे सॉफ्टवेअर गेमच्या दोन खऱ्या फ्रेमच्या (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या) मध्ये अंदाजाने नवी फ्रेम तयार करते. हे काम एकाच कार्डावर टाकले, तर गेमच्या वाट्याची ताकद कमी होते. दुसऱ्या कार्डाकडे सोपवले, तर मुख्य कार्ड बऱ्याच अंशी मोकळे राहते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०७० मुख्य आणि एएमडीचे आरएक्स ६६०० मदतीला, ही जोडी यासाठी चांगली जमते. जुने कार्ड जीटीएक्स १०६० सारखे एनव्हिडियाच्याच पास्कल पिढीतले असेल, तर मात्र फारशी आशा बाळगू नये, कारण अशा कामात लागणारे १६ बिटी गणित ती कार्डे फारच सावकाश करतात.

बसवण्यापूर्वी मदरबोर्डची पुस्तिका उघडून कार्डाच्या दुसऱ्या स्लॉटला किती लेन (माहितीची ये-जा करणाऱ्या वाटा) मिळतात, ते पाहावे. स्लॉट लांबीला पूर्ण दिसला, तरी आत बहुधा चारच लेन जोडलेल्या असतात. २५६० बाय १४४० ची एक फ्रेम साधारण १५ मेगाबाइटची होते, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम एका कार्डावरून दुसऱ्यावर न्यायच्या तर जवळजवळ ९०० मेगाबाइटची वाहतूक होते. पीसीआयई ३.० या पिढीच्या स्लॉटच्या चार लेन सेकंदाला सुमारे ४ गिगाबाइट वाहून नेतात, त्यामुळे तेवढ्यावर भागते. एकाच लेनचा स्लॉट मात्र तिथेच तुंबतो. शिवाय वरचे कार्ड जाड असेल, तर दोन कार्डांमध्ये बोटभर तरी फट राहते ना, हेही पाहावे, कारण मे महिन्याच्या उकाड्यात वरच्या कार्डाच्या पंख्याला खालच्याचीच गरम हवा ओढावी लागते.

कार्डे बसवण्याआधी इंटरनेटची वायर काढून, सेफ मोडमध्ये (विंडोज किमान गोष्टींसह सुरू करून) ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे सॉफ्टवेअर चालवावे आणि जुने ड्रायव्हर स्वच्छ काढून टाकावेत. मग संगणक बंद करून दोन्ही कार्डे बसवावीत आणि एका कंपनीचा ड्रायव्हर घालून, संगणक पुन्हा सुरू केल्यावरच दुसरीचा घालावा. यानंतरची पायरी नवख्याला हमखास चकवते: मॉनिटरची वायर ताकदवान कार्डाला न लावता मदतीच्या कार्डाला लावायची असते, कारण तयार झालेल्या फ्रेम तिथूनच पडद्यावर जातात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि ग्राफिक्स या वाटेने जाऊन गेमसाठी आरटीएक्स कार्ड नेमून द्यावे, आणि लॉसलेस स्केलिंगमध्ये आरएक्स कार्ड निवडावे. गेम सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही कार्डांवरचा भार पाहिला, की वाटणी बरोबर झाली की नाही ते कळते. खऱ्या फ्रेम सेकंदाला ५०-६० च्या खाली असतील, तर चित्र ओघळल्यासारखे दिसते. आणि माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत किंचित उशीर होतोच, म्हणून ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये ही सोय बंद ठेवलेली बरी.

विजेचा हिशेब कोकणात अधिक काटेकोरपणे करावा लागतो. आरटीएक्स ४०७० चे २०० वॅट, आरएक्स ६६०० चे १३२, प्रोसेसरसाठी ९० आणि बाकीच्या भागांसाठी ५० धरले, तर बेरीज ४७० च्या पुढे जाते. क्षणिक उसळ्या लक्षात घेता ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) घ्यावा आणि प्रत्येक कार्डाला त्याची स्वतंत्र वायर द्यावी. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, त्यामुळे वीज गेली की तो गेमसकट आडवा पडतो. पंखे-दिव्यांसाठी बसवलेला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर तर या कामाला जोडूच नये. १५०० व्हीएच्या आसपासचा साइन वेव्ह यूपीएस घ्यावा. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, तेव्हा वायरमनकडून ते एकदा मोजून घ्यावे.

खाऱ्या दमट हवेत न वापरलेले कार्ड वापरलेल्यापेक्षा लवकर खराब होते, हे समुद्राकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात संगणक रोज तासभर तरी चालू ठेवावा, म्हणजे आतल्या उष्णतेने ओल हटते. कॅबिनेट ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून जमिनीवर न ठेवता चौरंगावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. जूनपूर्वी एकदा दोन्ही कार्डे काढून त्यांच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसाव्यात आणि रिकाम्या पोर्टना रबरी टोप्या लावाव्यात. विजा चमकू लागल्या, की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लगबरोबर इंटरनेटची वायरही उपसून ठेवावी, कारण वीज त्या वाटेनेही आत शिरते.